कुलवृत्तान्तात बटकीची नोंद घालावी का?

सदाशिवातली माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण थोडं पाल्हाळ लावल्याशिवाय विचारता येणार नाही. सांभाळून घ्या.

माझ्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तान्त नव्याने निघतोय. पहिली आवृत्ती १९३८ ची, आजोबा तेव्हा संपादक मंडळात होते. आता चुलतभावाने मनावर घेतलंय. आडनाव मुद्दाम देत नाही. दिलं तर निम्मी सदाशिव पेठ आणि उरलेलं न्यू जर्सी रात्री साडेदहाला मला फोन करेल. मी सरकारी बँकेतून निवृत्त झाले. घरी बसून करायचं काय, म्हणून मोडीचा वर्ग लावला. एवढ्याशा भांडवलावर, वाडा बिल्डरच्या ताब्यात जायच्या आधी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्या गळ्यात पडली. ‘ताई, तुला वाचता येतं ना, मग बघ काही छापण्यासारखं आहे का.’

ट्रंकेत अकरा रुमाल निघाले, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे. बरेचसे वाळवीने खाल्लेले. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो की पूर्वज कोकणातून आले, एका सरदाराकडे कारकुनी केली, मग थोडी सावकारी. ते खरंच आहे. कीर्दी आहेत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, आणि खातेवार हिशेबाच्या खतावण्या आहेत. चाळीस वर्षं लेजर बघितल्यामुळे मला त्यात मजा वाटायला लागली. दोन्ही बाजू जुळतात हो! बोरूने लिहिलेलं, दोनशे वर्षांपूर्वीचं, आणि आणा इकडचा तिकडे नाही.

शके १७२५, रुधिरोद्गारी नाम संवत्सर. म्हणजे १८०३-०४. आदल्या वर्षी ऐन दिवाळीच्या दिवसांत होळकराने हडपसरला पेशव्याचा आणि शिंद्याचा पराभव केला, बाजीराव वसईला इंग्रजांकडे गेला, पुणं लुटलं गेलं, आणि पाठोपाठ पावसाने दगा दिला. पुणे-नगरकडचा तो दुष्काळ फार वाईट होता. त्या वर्षीच्या कीर्दीत श्रावणापासून एक नवीनच प्रकार सुरू होतो. ‘खरेदी पोर १’. मग पुन्हा. मधे ‘म्हैस १’. मग पुन्हा पोर. पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. फाल्गुनापर्यंत सात खरेद्या आणि पाच विक्र्या. एक मुलगी साडेअकरा रुपयांना घेतली आणि दोन महिन्यांनी बेचाळीसला एका वाड्यात दिली. मधल्या दिवसांचा ‘पोटास’ खर्च वेगळा लिहिलाय. तो वजा करून नफा किती, हे मी त्याच रात्री पाठकोऱ्या कागदावर काढलं होतं. सवय. मग तो कागद फाडून टाकला.

एखादी कुणबीण घरकामाला ठेवली, असलं हे नाही. हा धंदा झाला. एकाच वर्षाचा, पण धंदा.

उरलेल्या दोघींपैकी एक महिन्याभरात गेली. ‘मयत’ एवढंच. दुसरीचं नाव येशी, उमर ८. ही येशी पुढे तेरा वर्षं आमच्या वह्यांत आहे. वर्षाला दोन लुगडी. एकदा ‘येशीस ज्वर, वैद्यास ४ आणे’. शके १७३८ च्या वैशाखात घरातल्या मुलीचं लग्न झालं, त्यात शेवटची नोंद आहे: ‘कन्येचे लग्नी आंदण, बटीक येशी, पोत खेरीज’. बटीक म्हणजे विकत घेतलेली दासी. पोत म्हणजे गळ्यातली असावी, ती काढून ठेवली.

आता जे मला खुपतंय ते. त्या लग्नाच्या मुलीचं नाव नाही. ‘कन्या’. १९३८ च्या कुलवृत्तान्तात पहिल्या चार पिढ्यांतल्या एकाही बाईचं नाव नाही, ‘पत्नीचे नाव उपलब्ध नाही’ हे वाक्य नऊ वेळा छापलंय. माझ्या खापरपणजीच्या सासूचं नाव जगात कोणाला माहीत नाही. येशीचं आहे, कारण तिच्यासाठी पैसे मोजले होते आणि मोजलेल्या पैशाची नोंद ठेवावी लागते.

आणि दुसरं. त्या पानाच्या समासात पेन्सिलीने, बाळबोध अक्षरात, आजोबांच्या हातचं आहे: ‘छापू नये.’ म्हणजे त्यांनी वाचलं होतं. माझे आजोबा घरात कामाला येणाऱ्या गड्यालाही अहोजाहो करायचे, आणि त्यांनी हे वाचून, रुमाल पुन्हा बांधून, गाठ मारून ठेवला.

लेक बॉस्टनला असते. दोन वर्षांपूर्वी तिने ऱ्होड आयलंडमधलं ब्रिस्टल गाव दाखवायला नेलं होतं. समुद्रकाठचं टुमदार गाव. तिथे पांढऱ्या खांबांची एक हवेली आहे, १८१० ची, डीवुल्फ घराण्याची. त्यांच्या तीन पिढ्यांनी मिळून दहा हजारांवर आफ्रिकी माणसं जहाजांतून आणून विकली. त्यांच्यातल्या जेम्सवर आरोप होता की जहाजावर देवी आलेल्या एका बाईला त्याने खुर्चीला बांधलं आणि खुर्चीसकट समुद्रात सोडलं. पुढे तो सिनेटर झाला. त्यांच्याच वंशातले दहा जण २००१ मध्ये एकत्र जमून ब्रिस्टल, घाना, क्यूबा असे पूर्वजांच्या जहाजांच्या वाटेने फिरून आले. लेकीने हवेलीच्या पायरीवर मला विचारलं, ‘आई, आपल्याकडे असलं काही नव्हतं ना?’ मी आइस्क्रीम खात होते. म्हटलं, ‘आपल्याकडे कुठलं! आपण पळीपंचपात्रवाली माणसं.’

तर प्रश्न: हे कुलवृत्तान्तात घालावं का, आणि घालायचं तर कुठे? भाऊ म्हणतो परिशिष्टात ‘तत्कालीन आर्थिक व्यवहार’ या मथळ्याखाली दोन ओळी टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही.

बोरूबहाद्दर

ताई, आधी शंका काढून टाकू. ‘कुणबीण’ शब्दावर कधीही विसंबू नका. कुणबी जातीची बाई तीही कुणबीण आणि विकत घेतलेली दासी तीही कुणबीण. संदर्भ बघूनच ठरवावं लागतं. पण तुमच्याकडे ‘बटीक’ आहे, खरेदी आहे, किंमत आहे. तिथे दुमत होणार नाही.

पेशवाईतल्या पुण्यात हे अगदी उघड चालायचं. वाड्यांत, कोठीवर, गाईगुरांच्या थट्टीत, पागेत, गडांवर, सगळीकडे कुणबिणी होत्या. काही दुष्काळात आईबापांनी विकलेल्या, काही मुलूखगिरीत धरून आणलेल्या. आणि काही सरकारनेच केलेल्या: बदकर्माचा ठपका आलेल्या बाईला शिक्षा म्हणून दासी करून गडावर किंवा कारखान्यात कामाला लावत, विकतही. म्हातारपणी सोडा म्हणून अर्ज केलेल्या, आपल्या बदली दुसरी बाई किंवा पैसे देऊन सुटलेल्या अशाही नोंदी पेशवे दफ्तरात मिळतात. लग्नात आंदण म्हणून बटीक देणं ही तर प्रतिष्ठेची बाब. तेव्हा तुमचे पूर्वज जगावेगळे नव्हते. हा दिलासा म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

‘पोत खेरीज’ मात्र मला पटत नाही. आंदणाच्या यादीत बटकीच्या गळ्यातली पोत वगळल्याचं कोण लिहील? दागिने द्यायचे ते लिहितात, न द्यायचे लिहीत नाहीत. त्या ओळीचा फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीजवळ, कागदाला तिरपा उजेड पडेल असा. आणि कृपा करून फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका.

स्पष्टवक्ता

कशाला उकरून काढताय? दोनशे वर्षं झाली. त्या काळी सगळेच करत होते, आणि आपल्याकडे त्यांना घरच्यासारखं वागवत. त्या अमेरिकेतल्या जहाजांशी तुलनाच चुकीची आहे. तुम्हीच लिहिलंय ना, वैद्य बोलावला, लुगडी दिली? आजोबांनी ‘छापू नये’ लिहिलं तर त्यामागे काही विचार असेल. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडून तुम्हाला काय मिळणार? फार तर ब्राह्मणांना शिव्या द्यायला आणखी एक कागद.

नळस्टॉप

वैद्याला चार आणे दिले कारण बेचाळीस रुपयांचा माल होता काका. म्हशीलाही वैद्य बोलावतात.

कसब्यातला

‘त्या काळी सगळेच’ हे मला नेहमी गमतीदार वाटतं. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटकच्या स्वारीत डचांना जो कौल दिला, त्यात स्वच्छ सांगितलंय की आधीच्या अमलात तुम्ही इथून माणसं गुलाम म्हणून विकत घेऊन नेत होतात, माझ्या राज्यात ते चालणार नाही. ताईंच्या पूर्वजांच्या सव्वाशे वर्षं आधी. म्हणजे हे वाईट आहे हे कळायला इंग्रज यावा लागला असं काही नाही.

इंग्रजाचंही कौतुक नको. १८३३ चा त्यांचा गुलामगिरीबंदीचा कायदा कंपनीच्या हिंदुस्थानातल्या मुलखाला लागू केलाच नव्हता. इथे १८४३ चा पाचवा कायदा आला तेव्हा कुठे कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणं बंद केलं. माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो दंडविधान आल्यावर, १८६२ पासून. तोवर आंदण दिलेली येशी हयात असती तर साठी ओलांडलेली असती.

आणि बरोबर इथेच, गंज पेठेत, जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. सदाशिव पेठेपासून पायी पंधरा मिनिटं. आम्ही शाळेत ती अर्पणपत्रिका अमेरिकेविषयी आहे असंच समजत होतो.

कऱ्हाकाठ

मी सहसा नुसतं वाचतो, लिहीत नाही.

आमच्याकडे कुलवृत्तान्त नाही. माझ्या चुलत्यांनी एकदा वंशावळ काढायला घेतली. आजा, पणजा, खापरपणजा, आणि त्याच्या वर एक बाई. तिच्या वर काही नाही. गावात आम्हाला भांडणात ‘बटकीचे’ म्हणत, अजूनही एखादा म्हातारा म्हणतो. शाळेत असताना मला वाटायचं ही नुसती शिवी आहे, जशा बाकीच्या असतात. वडिलांनी सांगितलं, की ती शिवी नाही, पत्ता आहे.

त्या बाईचं नाव आमच्यात कोणाला माहीत नाही. ती कुठल्या वाड्यात होती तेही नाही. कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी रुमालात असेल. तुमचं दोन ओळींचं परिशिष्ट कोण वाचणार हे मला माहीत नाही ताई, पण नावं छापा. सगळी छापा. पाच विकल्या त्यांचीही, आणि कुठल्या वाड्यात विकल्या तेही.

स्पष्टवक्ता

वाड्यांची नावं छापली तर उद्या त्या घराण्यांचे लोक वकील घेऊन येतील, एवढं लक्षात ठेवा. बाकी कऱ्हाकाठ, तुमच्याविषयी मला काही म्हणायचं नव्हतं.

सदाशिवातली माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार, स्पष्टवक्ते काकांचेसुद्धा. तुमचा प्रतिसाद मी आमच्या समितीच्या बैठकीत जवळजवळ शब्दशः ऐकला, फक्त तिथे सोबत बटाटेवडे होते.

फोटो टाकलाय. तिरपा उजेड पडायला पूर्वेच्या खिडकीत सकाळी आठला बसले. बोरूबहाद्दर, बघा.

कऱ्हाकाठ, तुमचं वाचून मी ट्रंक पुन्हा उघडली. पाच विक्र्यांपैकी तिघींची नावं लागतात: गंगी, सखी, आणि एक जी मी ‘तुळशी’ वाचतेय. दोन वाड्यांची नावं स्पष्ट आहेत. त्यातला एक वाडा पाडून तिथे इमारत झालीय. माझ्या बँकेच्या एका शाखेत मी सहा वर्षं होते, ती त्याच इमारतीच्या तळमजल्यावर. इथे लिहीत नाही, पण तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.

येशीचं मूळ गाव खरीदखतात आहे, पण नेमकं तिथे वाळवी. ‘मौजे पा’ एवढंच उरलंय, आणि पुढे प्रांत नगर. पारनेर म्हणावं तर ते नुसतं मौजे नाही, कसबा असेल. पाथर्डी? की एखादं लहान गाव? त्या भागातलं कोणी असेल तर सुचवा.

बोरूबहाद्दर

ताई, फोटो चांगला आलाय. दोनदा मोठा करून पाहिला, मग घरी एका जाणकारांनाही दाखवला, म्हणून उशीर.

‘पोत’मधलं शेवटचं अक्षर तुम्ही ‘त’ धरलंत. याच ओळीत पुढे ‘खेरीज’मधला ‘र’ बघा, आणि आदल्या ओळीत ‘रुपये’मधला. या कारकुनाचा ‘र’ खाली येऊन किंचित आत वळतो. इथेही तसंच आहे. आणि शिरोरेघ आधी ओढून मग अक्षरं टांगली असल्यामुळे तो ‘त’सारखा भासतो. नवीन वाचणाऱ्याची हमखास चूक, मनाला लावून घेऊ नका.

‘बटीक येशी, पोर खेरीज.’

नळस्टॉप

म्हणजे आई दिली, मूल ठेवून घेतलं?

बोरूबहाद्दर

‘खेरीज’ म्हणजे सोडून, वगळून. हिशेबाचाच शब्द आहे. हो.

सदाशिवातली माहेरवाशीण

दोन दिवस इथे आले नाही. भावाला फोन केला, तो म्हणाला, ‘अगं, पोर कोणाचं ते काही लिहिलंय का?’ मी म्हटलं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, ‘परिशिष्टाचं बघू.’ आमच्या घराण्यात हनुवटीला खळी आहे. पाच पिढ्यांच्या फोटोंत आहे, त्यावरून लग्नकार्यात थट्टा चालते. मला ती आता आरशात बघवत नाही, आणि हे किती मूर्खपणाचं आहे तेही कळतं.

वाड्याच्या खालच्या चौकात एक खोली होती, जात्याशेजारी, बिनखिडकीची. आम्ही लपंडाव खेळताना आजी तिथे लपू द्यायची नाही. विंचू असतात म्हणायची. आता वाडा पडलाय. मागच्या आठवड्यात जेसीबीने ती भिंत पाडली तेव्हा मी तिथेच उभी होते, बिल्डरचा माणूस म्हणाला, बाई, धूळ उडेल, मागे सरा.

पोराची नोंद शोधतेय. १७३८ नंतरच्या तीन वर्षांच्या कीर्दी आहेत. ‘पोर’ हा शब्द पुन्हा नाही. लुगडं नाही, अंगरखं नाही, मयतही नाही. बापाचं नाव नसलेलं, किंमत न दिलेलं मूल वहीत कुठल्या बाजूला लिहिणार?

बोरूबहाद्दर

शब्द शोधू नका. ते घरात जन्मलं, विकत घेतलं नाही, म्हणून खरेदीत येणार नाही, आणि कपडे जुन्यात भागवले असतील. तुमच्याकडे दुधाचा रतीब लिहिलाय का? लग्न वैशाखात झालं. आई गेल्यावर अंगावरचं पोर असेल तर दूध बाहेरून घ्यावं लागलं असेल. ज्येष्ठापासून पुढे काही बदल दिसतो का बघा.

कऱ्हाकाठ

बघा ताई.

सदाशिवातली माहेरवाशीण

बघितलं. गवळ्याचं खातं वेगळं आहे, खतावणीत. वैशाखापर्यंत रोज दोन शेर. ज्येष्ठ शुद्ध पंचमीपासून सव्वादोन. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, सव्वादोनच. कार्तिकात बारा दिवस सव्वादोन आणि त्रयोदशीपासून पुन्हा दोन.

दुसऱ्या कुठल्या कारणाने असेल का, म्हणून त्या महिन्यातली सगळी पानं तपासली. पाहुणे नाहीत, बाळंतीण नाही. वैद्यही नाही.

भावाला मी आज लिहून पाठवलंय, परिशिष्ट नको. तिसऱ्या पिढीच्या पानावर, जिथे ‘कन्या १, नाव उपलब्ध नाही’ आहे, त्याच्या खालच्या ओळीत येशी, आणि तिच्या खाली पोर. आजोबांची पेन्सिलही त्याच पानावर छापायची, फोटोसकट. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दोन निळ्या खुणा दिसतायत.

पाथर्डीकडचं कोणी आहे का इथे? ‘पा’नंतरच्या अक्षराचा खालचा फराटा उरलाय, त्याचा फोटो टाकते.